चेहरा पाहा, वहिनी!

आमच्या शेजारच्या इंदूबाई रोज सकाळी मांजरांची हजेरी घेतात.

खोटं वाटत असेल तर दिग्रसला आमच्या गल्लीत येऊन पाहा. मात्र पहिल्या चहाच्या आत या, नंतर परेड सुटते. अंगणात इंदूबाई उभ्या असतात. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. फुर्रर्र! की कुणी भिंतीवरून, कुणी कडुनिंबाखालून, कुणी टेलरच्या स्कूटरखालून, अशी गल्लीतली सगळी मांजरं गोळा होतात. इंदूबाई म्हणतात, ती रांगेत उभी राहतात. मला तरी ती लग्नात मानपानावरून रुसलेल्या पाहुण्यांसारखी दिसतात. एकमेकांकडे पाठ, आणि लक्ष सगळं ताटाकडे.

मग इंदूबाई एकेकासमोर थांबतात. "तू चाल. हं, वळ. ओट्यावर उडी मार पाहू. शाब्बास! आता तू. चेहरा पाहू."

हा चेहरा पाहण्याचा नाद त्यांना नोकरीतून लागला. मुलींच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई होत्या. प्रार्थनेला मुली उन्हात उभ्या असल्या की रांगेवरून नुसती नजर फिरवून म्हणायच्या, "दुसऱ्या लाईनीतली, लाल रिबीनवाली, बाहेर ये. बस खाली." ती पोरगी खाली बसेपर्यंत तिला चक्कर आलेली असायची. इंदूबाईंना सगळं आधीच कळतं, अशी शाळेत आवई होती. रिटायर झाल्या, मुली गेल्या, नजर राहिली. ती कुठंतरी ठेवायला हवी, म्हणून त्यांनी मांजरांवर ठेवली.

त्यांचा सिद्धांत असा. माणसाचं दुखलं की ते बोंबलतं. कुत्र्याचं दुखलं की ते लंगडत येऊन पाय दाखवतं. "आणि मांजराचं दुखलं की ते सभ्य होते, वहिनी! चोरी करत नाही, ओरबाडत नाही, कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन बसते. लोक म्हणतात, गुणाचं झालं. गुणाचं कायचं? बिमार असते ते."

वहिनी म्हणजे मी. आणि मी इंदूबाईंवर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारे उगाच माझ्यात मोठं मन शोधत बसतील.

ही जळजळ जुनी आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा डोक्यावरचा पदर घसरू नये म्हणून मान न हलवता भाकरी थापत होते. बाहेर फट्‌फट्‌ आवाज झाला म्हणून खिडकीतून पाहिलं, तर एक बाई, म्हणजे ह्याच इंदूबाई, लुनावर बसून चालली होती. गॉगल लावून! त्या दिवशी माझी भाकरी तव्यावरच कोळसा झाली आणि मीही. त्यानंतर ती नवी नवरी, म्हणजे मी, इतकी येडपट वागली की आज ती मला भेटली तर मी तिला ओळखसुद्धा देणार नाही. इंदूबाईंनी निळी साडी घेतली की हिला निळी हवी. इंदूबाईंनी केस आखूड केले तर हिने सासूबाईंच्या धाकाने केस नाही, पण खिडकीचा पडदा आखूड केला. एकदा तर जत्रेतून शिट्टी आणली. म्हटलं, आपणही पोरांना जेवायला शिट्टीवर बोलवू. वाजवली. माझी पोरं पतंगामागे होती, ती हललीसुद्धा नाहीत. शाळेतून घरी चाललेल्या पंधरावीस मुली मात्र माझ्या दारात येऊन सावधानमध्ये उभ्या राहिल्या. त्यांना पोहे खायला घालून परत पाठवावं लागलं.

आता मला नातवंडं आहेत. म्हणजे जळणं थांबायला हवं होतं. पण मध्ये साळू आली.

साळू म्हणजे तीनरंगी मांजर. पांढरी, काळी, आणि पाठीवर हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा पट्टा. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एक भिंत आहे, तिच्यावर ती राहते. सकाळी माझ्या चुलीशी, म्हणजे गॅसच्या ओट्याखाली, दूधपोळी खायची. संध्याकाळी इंदूबाईंकडे उकडलेलं अंडं. माझ्याकडे तिचं नाव साळू, तिकडे कॅप्टन. मादीला कॅप्टन! "बाईमाणूस कॅप्टन होत नाही काय?" असं इंदूबाईंनी मला ऐकवलं होतं, त्यामुळे त्या नावाचा मी पुढे कधी विषय काढला नाही. पुण्याच्या नातीला व्हिडिओ कॉलवर मी सांगायची, "ही आजीची साळू हं, फक्त आजीची." तेवढ्यात भिंतीपलीकडून "कॅप्टन!" अशी हाक यायची आणि आजीची साळू फोनला शेपटी दाखवून निघून जायची.

तरी हे सगळं मी सोसत होते. पण मग किराणा दुकानातल्या बोक्याचं प्रकरण झालं.

तो बोका दुकानापुढच्या वाळूच्या ढिगावर सारखा जाऊन बसत होता. उठायचा, फिरायचा, परत बसायचा. दुकानदार म्हणाला, "पोट साफ नाई होऊन राह्यलं त्याचं. एरंडेल देतो थोडं." इंदूबाई साखर घ्यायला गेल्या होत्या. त्या साखर विसरल्या आणि वाळूकडे पाहत राहिल्या. "एरंडेल तुम्ही घ्या, भाऊ. त्याले लघवी होत नाही. जोर लावते, अन् वाळू पाहा, कोरडी ठक्क. बोक्याची लघवी अडली तं जीव जाते त्याचा. थैली द्या!" इंदूबाईंनी बोका थैलीत कोंबला, तोंड बाहेर ठेवलं, आणि ऑटोत बसून जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर बोका गेला होता.

गावभर इंदूबाई, इंदूबाई. त्या दिवशी आमचे हे, माझ्या घरात, माझ्या हातची भरली वांगी खात, मलाच म्हणाले, "इंदूबाईची नजर म्हणजे नजर आहे हो."

म्हटलं, असं काय? नजर तर आम्हालाही दोन डोळे भरून दिली आहे देवाने. मीही मांजर वाचायला लागले. इंदूबाई भिंतीवरून बोलायच्या ते मी भाजी निवडत निवडत ऐकून ठेवायची. दुखत असलं की मांजराचे कान बाजूला पडतात, दोन टोकांमधलं अंतर वाढतं. डोळे अर्धवट मिटतात, झोपेसारखे नाही, ऊन लागल्यासारखे. गाल आवळतात, मिशा ताठ होतात. डोकं खांद्याच्या खाली जातं. अंग चाटणं सोडतं, मग पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होतात. मला सगळं पाठ झालं. आता फक्त एक आजारी मांजर पाहिजे होतं.

एके दुपारी टेलरची भुरी मांजर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हलेना. एक कान बाजूला वळलेला. मी चार बाया गोळा केल्या आणि भिंतीवरून हाक मारली, "इंदूबाई, या! हिचा कान पाहा. दुखून राह्यलं बिचारीचं. मी तं केव्हाच ओळखलं." इंदूबाई आल्या. खाली बसल्या. भुरीकडे पाहिलं, मग भुरी पाहत होती तिकडे पाहिलं.

"वहिनी, तुमच्या तांदळाच्या कोठीमागं उंदीर आहे. ती ऐकून राह्यली."

तेवढ्यात उंदीर निघाला. भुरीने झेप घेतली, बायांनी पाटावर उड्या घेतल्या, आणि माझी अब्रू कोठीमागे गेली ती आजवर सापडली नाही. इंदूबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी माफ केलं असतं. त्या म्हणाल्या, "कान चांगला पाहिला तुम्ही. चेहरा पाहायचा राहिला." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

हा अबोला आमच्या गल्लीच्या मानाने फार सभ्य होता. मी भिंतीकडे पाठ करून कपडे वाळत घालायची. त्या पलीकडे शिट्टी जरा जास्त जोरात वाजवायच्या.

कापसाच्या गाड्या गावात यायला लागल्या, थंडी पडली, आणि साळूने माझी दूधपोळी टाकली. वाटीपर्यंत यायची, वास घ्यायची, मान वाकडी करून एक घास तोंडात घ्यायची, तो खाली पाडायची आणि मागे सरकायची. दिसत होतं ना सगळं! तिकडे हिला दोन-दोन अंडी चारत असणार. मुद्दाम! मी साय घातली. साळूने सायीकडे पाहिलं आणि जाऊन पिठाच्या डब्यामागे बसली. "खा, खा तिकडंच," मी म्हटलं. "कॅप्टनसाहेब झाल्या आता, आमची साय कायले गोड लागते!"

पण दुपारी नवल व्हायचं. साळू आपण होऊन माझ्या मांडीवर यायची आणि घुर्र घुर्र करत बसून राहायची. तासन्‌ तास. पूर्वी पाचदहा मिनिटं बसली तरी उपकार केल्यासारखं करायची. संध्याकाळी इंदूबाईंची हाक आली तरी उठेना. मला वाटलं, जिंकले! खाणं तिकडे असेल, जीव इकडे आहे. मी तिला कडेवर घेऊन मुद्दाम भिंतीशी जाऊन उभी राहिले, लहान लेकराला चांदोबा दाखवतात तशी. इंदूबाई पलीकडे अंड्याची बशी घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "चेहरा पाहा तिचा."

अबोला मोडायचा नव्हता, पण इतकी संधी कोण सोडतं? मी म्हटलं, "माझ्या साळूचा चेहरा मले कोणी दाखवू नये. घुरघुर ऐकू येते ना? खुश आहे ती."

"मांजराचं दुखलं तरी ते घुरघुर करते."

"तुमच्याकडं करत असन!"

आणि मी पदर झटकून आत आले. काय ऐट होती! सून झाली, जावई झाला, गुडघे गेले, पण ती जुनी खिडकीतली नवरी आत तशीच जिवंत आहे, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेडची शिट्टी वाजलीच नाही. मी कान देऊन बसले होते, म्हणून मला कळलं. आणि मग आमच्या फाटकाची कडी वाजली. इंदूबाई भिंतीवरून न बोलता पुढच्या दाराने आल्या होत्या. पायात बूट नव्हते, स्लीपर होती. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, भांडण नंतर करू. एकच सांगा. ती तुमच्याकडं जेवते ना?"

"मले कायले विचारता? तुमच्याकडं तं अंडी—"

"नाही खात. कितीक दिवस झाले. वास घेते, मागं सरते. मले वाटलं, तुमच्याकडून पोट भरून येते."

ती माझ्याकडे खात नव्हती, मला वाटत होतं तिकडे खाते. तिकडे खात नव्हती, त्यांना वाटत होतं माझ्याकडे खाते. दोन घरची लाडकी मांजर आमच्या दोघींच्या हेव्यामध्ये उपाशी बसली होती.

साळू पिठाच्या डब्यामागे होती. मी तिला बाहेर काढलं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. कान आडवे पडलेले. डोळे फटीसारखे बारीक. पाठीवरचा तो हळदीचा पट्टा, ज्याची ती दिवसभर चाटून निगा राखायची, त्याच्या गाठी झालेल्या. हनुवटीवर लाळ वाळलेली. आणि उचलली तर वजनच नाही. कडेवर मिरवली तेव्हा हे मला कसं कळलं नाही? कळलं नाही, कारण तेव्हा मी मांजराकडे पाहतच नव्हते, पलीकडच्या बशीकडे पाहत होते.

भाजीच्या टोपलीत जुनं लुगडं घालून आम्ही दोघी तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. आमच्या आधी एक म्हैस होती आणि एक फुगलेली बकरी. डॉक्टर तरुण होते. त्यांनी साळूचा जबडा हळूच उघडला. मागची दाढ तुटलेली, भोवती हिरडी सुजून लाल, आत पू. ते म्हणाले, "भूक आहे हिले, चावता येत नाही. म्हणून वाटीपाशी येते अन् परत जाते. मांजर असं उपाशी राहिलं की यकृत बिघडते. आता सुई देतो, सलाईन लावतो. पण दाढ काढावी लागन, उद्याच यवतमाळले न्या." मग विचारलं, "मांजर कोणाचं?"

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "यांचं."

इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही चुकीच्या वेळी.

यवतमाळच्या एस.टी.त टोपली कोणाच्या मांडीवर, यावर एक छोटीशी खेचाखेची झाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टोपलीत का आहे?" इंदूबाई म्हणाल्या, "कॅप्टन." तो पुढे काही विचारण्याच्या भानगडीत पडला नाही. शेवटी टोपली दोघींच्या मध्ये ठेवली. आत साळू घुरघुर करत होती, आणि आता ती घुरघुर ऐकवत नव्हती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "इंदूबाई, एक सांगू? मी तुमच्यावर लय जळतो."

"मालूम आहे."

"लुनावरून नाही. शिट्टीवरूनबी नाही." आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्या खडखडाटात बोलून गेले. संध्याकाळी मी घरभर सगळ्यांना वाढत असायची. सासरे, दीर, पोरं, मग सासूबाई. माझी पाळी येईपर्यंत वरण गार, पोळ्या वातड. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडे इंदूबाई दिसायच्या. रेडिओ लावलेला, समोर एकच ताट, वाफ येणारं. कोणी हाक मारत नाही, कोणी मीठ मागत नाही. "त्या ताटावर जळली मी. असं एकदा तरी जेवायला भेटावं, असं वाटे."

इंदूबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. तुरीची शेतं मागे जात होती. बोलणाऱ्यांतल्या त्या नाहीतच, पाहणाऱ्यांतल्या आहेत.

दाढ निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की पातळ खाणं, वेळेवर औषध, आणि काही दिवस एकाच घरात ठेवायचं, भिंतीवर सोडायचं नाही. एकाच घरात! मी लगेच पदर खोचला. म्हटलं आता होणार भांडण, आणि हे भांडण मी हरणार नाही. पण इंदूबाई म्हणाल्या, "वहिनींकडं ठेवा. त्यांच्या घरात दिवसभर कोणी ना कोणी असते."

इतक्या सहज जिंकलं की जिंकल्यासारखं वाटेना.

संध्याकाळी मी मऊ भात दुधात कालवून साळूपुढे ठेवला. औषधाची गुंगी उतरली होती, कान थोडे वर आले होते. पण ती वाटीकडे पाहीना. मी "साळू, साळू" केलं. ह्यांनी चुचकारलं. नातीने पुण्याहून फोनवरून गाणं म्हटलं. काही नाही. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. इंदूबाई दारात, हातात झाकलेलं ताट.

"तिची जेवायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. मग ताटाकडे पाहून, जरा चाचरत, "अन् माझीबी. मी तिच्यासंगंच जेवतो. ती आल्यापासून तसंच आहे. ती खाली, मी पाटावर. ती खात नव्हती ना इतके दिवस… मंग मलेबी घास उतरेना. एकट्याच्या ताटाकडं पाहवत नाही, वहिनी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. गालाची हाडं वर आली होती. गल्लीतल्या एकेका मांजराचा चेहरा वाचणारी ही बाई रोज सकाळी शिट्टी वाजवत माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली होती, आणि तिला बाहेर ये, बस खाली, असं म्हणणारं कोणी नव्हतं.

"बसा खाली," मी म्हटलं.

त्या बसल्या. बोटावर भात घेऊन त्यांनी साळूपुढे धरला. साळूने वास घेतला, मान वाकडी न करता चाटला. मग वाटीतला चाटला. मग वाटीत तोंडच घातलं. माझं घर, माझी वाटी, माझं दूध, आणि खाल्लं कोणाच्या हातून? माझा जळफळाट झाला. तो झालाच पाहिजे, नाहीतर मला करमत नाही.

इंदूबाईंनी ताटावरचं झाकण काढलं. आत गार खिचडी होती, दुपारची असावी. मी ते ताट उचललं आणि बाजूला ठेवलं. दुसऱ्या ताटात गरम भाजी वाढली, तव्यावर पोळी टाकली. ती फुगली तशी त्यांना वाढली, वाफ येत होती तोवर वाढली. ह्यांनी "मलाही एक" म्हणून ताट पुढे केलं, तर म्हटलं, "थांबा जरा, पाहुणे जेवून राह्यले."

इंदूबाईंनी पहिला घास घेतला. तो गिळेपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे, वहिनी."

मीठ बरोबर होतं. मी मुकाट्याने बरणी पुढे सरकवली, आणि उद्यासाठी कणीक जास्तीची मळायला घेतली.